पोस्टरची मागची बाजू

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत, पगाराच्या गप्पा तर अजिबात नाहीत. आज मी कागदाबद्दल बोलणार आहे. घड्या पडलेल्या, कडा फाटलेल्या, माझ्या वडिलांपेक्षाही वयाने मोठ्या असलेल्या कागदाबद्दल.

मी मूळचा कराडचा. बीटेक झालं, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, मग कंपनीने मेलबर्नला पाठवलं. भाड्याच्या घरात एक भिंत रिकामी होती. तिच्यावर लावायला काहीतरी घ्यावं म्हणून एका रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात गेलो. तिथे सिनेमाचं एक पोस्टर दिसलं. अरुंद आणि लांबच लांब. दोन कालनिर्णय एकाखाली एक चिकटवल्यासारखं. मी विचारलं, हे अर्धं कापलंय का? विकणारा हसला आणि म्हणाला, ‘नाही रे, हे डेबिल आहे.’

तेव्हापासून हे वेड लागलंय.

डेबिल हा ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा आकार. दुसऱ्या महायुद्धाआधी तो साधारण १५ इंच बाय ४० इंच असायचा. युद्धात कागदाची टंचाई आली आणि पोस्टरं आखडली. पुढे अनेक वर्षं १३ बाय ३० इंच हे माप चाललं. थिएटरच्या बाहेर, दुकानाच्या काचेत, खांबावर, कुठेही मावेल असं. मजा म्हणजे यातले बहुतेक सिनेमे अमेरिकन किंवा ब्रिटिश. पण तिकडचं चित्र या अरुंद चौकटीत बसायचं नाही. मग सिडनीच्या छापखान्यातले चित्रकार ते नव्याने काढायचे आणि लिथोग्राफीने छापायचे. म्हणजे नट हॉलिवूडचा, पण त्याचा चेहरा सिडनीच्या कुणीतरी काढलेला. आणि बहुतेक वेळा त्या ‘कुणीतरी’ची सही पोस्टरवर नसते.

आता मुद्दा असा, की यातल्या बऱ्याच पोस्टरांवर सालही नसतं. मग ते कधीचं हे ठरवायचं कसं? इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. आपण लॉग वाचतो ना, तसंच हे वाचायचं.

पहिलं, तळाची बारीक ओळ. तिथे छापखान्याचं नाव असतं. डब्ल्यू. ई. स्मिथ, रॉबर्ट बर्टन, एफ. कनिंगहॅम ही सिडनीची नावं सारखी भेटतात. कुठलं नाव कोणत्या काळात दिसतं, याचा हळूहळू अंदाज येतो.

दुसरं, सेन्सॉरची खूण. ऑस्ट्रेलियात १९७१ मध्ये वर्गवारीची नवी पद्धत आली. जी, एनआरसी, एम आणि आर. ‘आर’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८४ मध्ये एनआरसी जाऊन पीजी आलं. त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या सिनेमाच्या पोस्टरवर जर एनआरसी छापलेलं दिसलं, तर ते पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं नाही. सिनेमा पुन्हा लावला, तेव्हाचं आहे.

तिसरं, भिंग. हाताने केलेल्या जुन्या लिथोग्राफीत रंग दाणेदार, वेडावाकडा दिसतो. भिंगाखाली एकसारख्या ठिपक्यांची रांगोळी दिसली की सावध व्हायचं. कदाचित ती नंतर काढलेली नक्कल असेल. एकट्या ठिपक्यांवरून निकाल द्यायचा नाही, कारण नंतरची अस्सल पोस्टरं ऑफसेटवर छापलेली असतात आणि तिथे ठिपके असणारच. माप, कागद, घड्या, सगळं एकत्र बघायचं.

चौथं आणि माझं सगळ्यात लाडकं, ट्रोव्ह. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ही वेबसाइट. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलेली, फुकट, कुणीही शोधावं. १९५४ पर्यंतचा साठा तर प्रचंड आहे. अगदी लहान गावांची वर्तमानपत्रंही सापडतात. फक्त मजकूर मशीनने वाचलेला असल्यामुळे चुका खूप. जाहिरातींची अक्षरं बारीक, त्यात शाई पसरलेली. लोक घरी बसून त्या चुका दुरुस्त करतात. मीही रात्री जेवण झाल्यावर दहा-वीस ओळी दुरुस्त करतो. आई म्हणते, ‘एवढा अभ्यास कॉलेजात केला असतास तर!’

आता खरी गोष्ट.

गेल्या वर्षी त्याच बाजारात एका आजींनी टेबल लावलं होतं. कपबश्या, लोकरीचे गुंडे, आणि एका फोल्डरमध्ये अकरा डेबिलं. त्यांचे यजमान न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला एका छोट्या गावात प्रोजेक्टर चालवायचे. ते गेले, आजी मुलीकडे मेलबर्नला आल्या, आता घर रिकामं करायचं चाललं होतं. सगळ्याचे साठ डॉलर म्हणाल्या. मी घासाघीस न करता दिले.

घरी येऊन फोल्डर उघडलं, तर पाचवं पोस्टर ‘सन्स ऑफ मॅथ्यू’चं. चार्ल्स शॉव्हेलचा १९४९ चा ऑस्ट्रेलियन सिनेमा. क्वीन्सलंडच्या डोंगरात, जंगलात जाऊन चित्रीकरण केलेला. पावसाने इतका छळ मांडला, की शूटिंग लांबतच गेलं. त्या काळात ऑस्ट्रेलियात स्वतःचे सिनेमे फार कमी बनत होते, म्हणून अशा पोस्टरांना संग्राहक जास्त मागतात. मी लिलावांच्या जुन्या नोंदी पाहिल्या आणि पोटात गोळा आला. हे एक पोस्टर खरं असेल, तर अख्ख्या गठ्ठ्याला दिलेल्या पैशांच्या कितीतरी पट किमतीचं होतं.

पण मागच्या बाजूला पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं. शुक्रवार-शनिवारची इंग्रजी आद्याक्षरं, मग ४७, मग ‘आर’.

मी चक्रावलो. ‘आर’? ते सर्टिफिकेट तर १९७१ चं! म्हणजे हे पोस्टर सत्तरच्या दशकातलं? पण पुढच्या बाजूला तशी एकही खूण नव्हती. माप बरोबर, भिंगाखाली दाणा बरोबर. दोन आठवडे डोकं खाजवलं.

दरम्यान पोस्टरं नीट करून देणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवला. त्यांनी लिनन बॅकिंग सुचवलं. म्हणजे पोस्टर मागून पातळ कागदावर आणि कापडावर चिकटवायचं. घड्या सपाट होतात, फाटलेलं जुळतं, भिंतीवर झकास दिसतं. पण त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, ‘मागची बाजू झाकली जाईल. पेन्सिलचं लिहिलेलं परत सहजासहजी दिसणार नाही.’

इथे मी थांबलो. कारण मला माझी जुनी चूक आठवली. सुरुवातीला मी एका वेस्टर्नच्या पोस्टरवरची पिवळी पडलेली चिकटपट्टी ओढून काढली होती. पट्टीबरोबर घोड्याचं तोंड निघून आलं. तो बिनतोंडाचा घोडा अजून माझ्या कपाटात आहे. त्याला बघितलं की माझे हात आपोआप खिशात जातात.

मी पुन्हा बाजारात गेलो. खरं सांगू, जाताना मनात दोन आवाज होते. एक म्हणत होता, व्यवहार झालाय, त्यांनी मागितले ते तू दिलेस, आता गप्प बस. दुसरा म्हणत होता, तुला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्याचं ऐकलं. आजींना किमतीचं सगळं सांगितलं, फोनवर लिलावाच्या नोंदी दाखवल्या. म्हटलं, पोस्टर परत हवं असेल तर घ्या.

त्या डोळे मिचकावत म्हणाल्या, ‘ठेव तू. दोनशे दे आणखी.’ मी दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या.

मग मी मागची बाजू दाखवली. त्यांनी चष्मा बदलला आणि पटकन म्हणाल्या, ‘सत्तेचाळीस माणसं. रेन.’

आर म्हणजे रेन. पाऊस! त्यांचे यजमान प्रत्येक खेळानंतर पोस्टरमागे किती तिकिटं गेली आणि कमी गेली तर का, ते लिहून ठेवायचे. मी सर्टिफिकेट शोधत बसलो होतो आणि तो माणूस हवामान लिहीत होता.

आजींनी गावाचं आणि हॉलचं नाव सांगितलं. त्या रात्री ट्रोव्हवर सिनेमाच्या नावाने शोधलं, काही नाही. मशीनने नाव भलतंच वाचलं असणार. मग हॉलच्या नावाने शोधलं. सापडलं! १९५० ची छोटीशी जाहिरात, शुक्रवार आणि शनिवार. आणि त्याच अंकात पुराची बातमी, रस्ते बंद. १९५० साली पूर्व ऑस्ट्रेलियात पावसाने कहर केला होता. म्हणजे ज्या सिनेमाच्या शूटिंगला पावसाने रडवलं, त्याच्या खेळालाही पावसानेच गाठलं. तरी सत्तेचाळीस माणसं चिखल तुडवत आली होती.

मी बॅकिंग केलं नाही. पोस्टर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवलंय, दोन्ही बाजू दिसतील असं. ना लॅमिनेशन, ना टेप, ना ऊन. घड्या आहेत, राहू देत. विकताना किंमत थोडी कमी येईल, तीही येऊ दे. जाहिरातीचं पान छापून आजींना दिलं, तेव्हा त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं आणि मला लोकरीचा एक गुंडा फुकट दिला. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

जाता जाता एक. आपली ‘हंटरवाली’ फिअरलेस नादिया, जिने १९३५ मध्ये मुंबईचा पडदा गाजवला, तिचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. म्हणजे हा देश आपल्या सिनेमाला तसा परका नाही. आणि आपल्याकडेही गावोगावी टॉकीज बंद पडल्यात. कुणाच्या माळ्यावर पोस्टर, काचेची स्लाइड, गाण्यांची पुस्तिका, तिकिटांचं बुक पडलेलं असेल. रद्दीत घालण्याआधी फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. आणि ते ज्यांच्या घरातलं आहे, त्यांना विचारा. ट्रोव्ह उद्याही असेल. आजी-आजोबांचं तसं नसतं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!