काचपेटींतील पाणवनस्पति

दिवाणखान्यांत मासे पाळण्याची हौस पुष्कळांना असते. काचेची पेटी येते, रंगीत मासे येतात आणि शोभेसाठीं चार पाणवनस्पतीही रोवल्या जातात. महिनाभरांत पानें पिवळीं पडतात, पाणी गढुळतें, आणि एके दिवशीं पहांटे मासे पृष्ठभागीं येऊन तोंडाची उघडझांप करूं लागतात. दोष माशांना दिला जातो. वस्तुतः वनस्पति ही शोभेची वस्तु नसून पेटींतील सजीव रहिवासी आहे, याचा विसर पडल्याचा तो परिणाम असतो.

लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें सन १८४९ मध्यें याच विषयाचा प्रयोग केला. काचेच्या भांड्यांत पाणी, वाळू व चिखल घालून त्यानें दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची वनस्पति लावली. माशांच्या उच्छ्वासांतील कर्बाम्लवायु वनस्पतीच्या उपयोगीं पडतो, आणि उजेडांत ती प्राणवायु सोडते. कांहीं काळ ठीक चाललें. परंतु पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढुळलें व काचेवर शेवाळ चढलें. तेव्हां त्यानें तळ्यांतील पांच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें व शेवाळ फस्त केलें. त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं आणि पाणी निवळलें. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केला.

घरच्या पेटींत गोगलगायींचें हें काम मालकाच्या कात्रीनें करावें. पिवळें पान दिसतांच तें देंठापासून कापून बाहेर काढावें; कुजणारें पान पाण्यांतील प्राणवायु खातें. शिवाय अंधारांत वनस्पतीही प्राणवायूच घेतात. म्हणून पहांटे तो सर्वांत कमी असतो. मासे त्याच वेळीं कां तळमळतात, याचा उलगडा येथें होतो.

दिव्याचा उजेड रोज सुमारें आठ तास नियमानें द्यावा. पेटी खिडकींतील उन्हांत ठेवूं नये. वनस्पतींआधीं शेवाळच फोफावतें. तळाशीं दोन-तीन इंच बारीक खडी घालावी. मुळें खडींत असावीं, पण पानें जेथून फुटतात तो गाभा पुरला जाऊं नये, तो सडतो. कोंकणांतील ओढ्यांत आढळणाऱ्या क्रिप्टोकोरिन जातीच्या वनस्पतींची जागा बदलली, तर पानें विरघळून जातात. त्या मेल्या असें समजून कित्येकजण त्या उपटून टाकतात. मुळें घट्ट असल्यास कांहीं आठवड्यांनीं नवीं पानें येतात.

माशांच्या विष्ठेपासून होणारा अमोनिया खडींतील सूक्ष्म जंतु पालटून टाकतात, व त्यांतून वनस्पतींना नत्र मिळतें. म्हणून सर्व खडी एकदम धुवूं नये. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. जुनीं पानें पिवळीं पडणें हें बहुधा नत्राच्या, तर कोंवळीं पानें फिकीं येणें हें लोहाच्या उणीवेचें लक्षण होय.

माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच अन्न घालावें. अधिक मासे, अधिक अन्न, अधिक ऊन आणि रोजची उपटाउपट हेच पाणवनस्पतींचे खरे शत्रु. ज्याच्या हाताला आवर आहे, त्याच्या पेटींतील वनस्पति हिरव्या राहतात, आणि मासेही.