फ्लश केल्यावर पुढे काय? आर्केटा गावाची गोष्ट

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण आज बोलायचंय मैलापाण्यावर.

आपल्याकडे भूमिगत गटारं असलेल्या शहरात पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी रोज 135 लिटर धरतात. त्यातलं साधारण 80 टक्के गटारात जातं. म्हणजे तुमच्या एकट्याचं शंभरावर लिटर सांडपाणी, रोज! मोठ्या शहराचं सोडा, पंधरा-वीस हजार वस्तीच्या गावाने याचं काय करायचं? महागडी यंत्रं बसवायची आणि मग वीजबिल परवडत नाही म्हणून बंद ठेवायची?

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, हम्बोल्ट खाडीच्या काठावर आर्केटा नावाचं एवढंच गाव आहे. याच खाडीत कालवांची शेती चालते, त्यामुळे पाणी बिघडलं की लोकांच्या पोटावरच पाय. 1974 मध्ये राज्याने नियम केला: खाडीत सांडपाणी सोडायचं नाही. अपवाद एकच, त्या पाण्याने खाडीचं भलं होतंय हे सिद्ध करून दाखवलं तर. ठरलेला उपाय असा होता, की आसपासच्या सगळ्या गावांचं मिळून एक मोठं केंद्र बांधायचं, लांबलचक पाइप टाकायचे आणि पाणी समुद्रात सोडायचं. खर्च अवाढव्य. आर्केटावाल्यांनी काय केलं? त्या अपवादालाच धरून बसले. मला तर या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो.

तिथल्या विद्यापीठात जॉर्ज ॲलन नावाचे मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक होते. ते आधीपासूनच सांडपाणी आणि समुद्राचं पाणी एकत्र करून त्यात सॅमनची पिल्लं वाढवत होते! त्यांच्या जोडीला पर्यावरण अभियंते रॉबर्ट गिअरहार्ट आले. 1979 पासून छोट्या दलदली करून प्रयोग सुरू झाला.

आता हे चालतं कसं? आधी जाळ्या आणि टाक्यांमध्ये गाळ वेगळा काढतात. उरलेलं पाणी मोठ्या उघड्या तळ्यांत जातं. तिथे जिवाणू घाण खातात, पण त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. कच्चं सांडपाणी सरळ नदीत सोडलं, तर हेच जिवाणू नदीतला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. तळ्यात हा ऑक्सिजन शेवाळ पुरवतं, वीज न जाळता. पण मग पाणी हिरवंगार होतं, आणि ते शेवाळ हीच पुढे घाण ठरते. इथे दलदल कामाला येते. पाणकणसासारख्या उंच वनस्पतींच्या दाट सावलीत शेवाळ मरतं, पाणी संथ होतं, गाळ खाली बसतो आणि बुडालेल्या देठांवर चिकटलेले जिवाणू उरलेलं काम करतात. ‘झाडं घाण पिऊन टाकतात’ असं सांगतात ना, ते अर्धवट आहे. झाडं जास्त करून सावली आणि जागा देतात, राबतात जिवाणू.

1986 मध्ये पूर्ण प्रकल्प सुरू झाला. कुठे? जिथे पूर्वी गावाचा कचरा टाकायचे त्या जागेच्या आसपास! कचऱ्याच्या झाकलेल्या ढिगाला लोक आजही गमतीने ‘माउंट ट्रॅशमोर’ म्हणतात. तिथे आता 300 वर जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. लोक सकाळी फिरायला जातात, पोरं दुर्बिणी घेऊन बसतात. मैलापाण्याच्या केंद्रात, बरं का!

आता दुसरी बाजू. याला जागा भरपूर लागते, आपल्याकडच्या दाटीच्या गावात तीच मिळत नाही. दलदलीतला गाळ आणि मेलेली झाडं काढावी लागतात. पक्षी स्वतःच पाण्यात विष्ठा टाकतात, म्हणून आधी क्लोरीन दिलेलं पाणी पक्ष्यांच्या दलदलीतून फिरून आलं की त्याला पुन्हा क्लोरीन द्यायचं, आणि खाडीत सोडण्याआधी तो क्लोरीन काढायचा, अशी पद्धत होती. आणि सगळा प्रकल्प खाडीला अगदी लागून, सखल जागी, बांधाच्या आड. समुद्राची पातळी चढतेय, तेव्हा ज्या खाडीसाठी गाव भांडलं तीच आता बांधाला येऊन भिडतेय.

तुमच्या गावाचं पाणी कुठे जातं? नाल्याच्या कडेने एकदा चालत जा, जिथे तो नदीला मिळतो तिथला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.