ससाण्याचा घास



मनगटावर ससाणा बसवून शिकार करण्याचा शौक राजेरजवाड्यांबरोबर आपल्याकडून गेला. मग त्या पाखराच्या रोगाची चिंता पाटसकरांनी का वाहावी? आम्ही सांगतो.

२००४ साली थायलंडहून चोरून आणलेले दोन शिकारी गरुड ब्रसेल्सच्या विमानतळावर पकडले गेले. ते बेल्जममधल्या एका शौकिनासाठी होते. दोघांतही बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. दोघांनाही मारावे लागले. शिकारी पक्ष्याला हा रोग बहुधा घासातून जडतो. आजारी पाखरू उडण्यात मंद, म्हणून तेच आधी तावडीत सापडते!

हाच विषाणू २००६ साली नवापूरच्या कोंबड्यांत निघाला. २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळ गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या त्याला बळी पडले.

हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर परदेशी बदके उतरतात. त्यांच्यामागे बहिरी ससाणाही येतो. भोवती आपली कुक्कुटपालने आहेत. ओढ्यात टाकलेली मेलेली कोंबडी कावळे खातात, आणि मरगळलेला कावळा ससाण्याचा घास होतो. म्हणून आमची विनंती एवढीच : कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, बाहेर फेकू नका. नुकसानीच्या भीतीने लपवूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवा.