गुरुवारी ‘एल फारोल’ला जावं का?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सांता फे शहरात ‘एल फारोल’ नावाचा बार आहे. गुरुवारी रात्री तिथे आयरिश संगीत असायचं. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर मूळचे बेलफास्टचे, म्हणजे हक्काचे श्रोते. पण जागा बेताची. गर्दी झाली की मजा गेली. मग जावं की घरीच बसावं?

1994 साली त्यांनी हाच प्रश्न शोधनिबंधात मांडला. रसिक 100. साठापर्यंत आले तर आनंद, जास्त आले तर घर बरं. आपसांत विचारायचं नाही. ‘आज गर्दी होणार’ असं सगळ्यांनीच धरलं तर कुणीच येणार नाही. ‘रिकामं असेल’ म्हटलं तर सगळे येऊन थडकणार! सर्वांनी मिळून वापरावा असा अचूक अंदाज इथे असूच शकत नाही. आर्थरनी संगणकातल्या रसिकांना निरनिराळे आडाखे दिले. कुणी गेल्या आठवड्याचा आकडा धरतो, कुणी चार आठवड्यांची सरासरी. चुकणारा आडाखा सोडायचा, दुसरा धरायचा. आकडा कधीच स्थिरावला नाही, सरासरी मात्र साठाच्या आसपास येऊन ठेपली. तिकीट नाही, दरवान नाही.

आर्थर तेव्हा सांता फे इन्स्टिट्यूटशी जोडलेले होते. 1984 साली स्थापन झालेल्या या संस्थेत विभागच नाहीत. 1987 मध्ये केनेथ ॲरो यांच्यासोबत अर्थशास्त्रज्ञ आणि फिलिप अँडरसन यांच्यासोबत भौतिकशास्त्रज्ञ तिथे जमले. आपल्याकडच्या परिसंवादांत हारतुरे होतात आणि जो तो आपल्या गाडीनं घरी जातो. इथे भांडण झालं. माणूस पूर्ण हिशेबानं वागतो, हे गृहीतक भौतिकवाल्यांच्या पचनी पडेना. त्या भांडणाचा फायदाच झाला, असं माझं मत आहे.

पुढे ‘एल फारोल’चा हा प्रश्न कोलकात्यात पोहोचला. तिथे कामगारांसाठी स्वस्त, ठरावीक दराच्या ‘पैसा’ खाणावळी असत. भौतिकशास्त्रज्ञ विकास चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत मणिपुष्पक मित्र हे अर्थशास्त्रज्ञही होते, 2009 मध्ये हिशेब मांडला. जितके लोक तितक्या खाणावळी, प्रत्येकीत एकाचंच जेवण, आणि दुसरीकडे जायला वेळ नाही. मनाला येईल तिकडे गेलं, तर सुमारे 37 टक्के लोक उपाशी राहतात. पण काल एका खाणावळीत पाचजण आले असतील, तर त्यांतल्या प्रत्येकानं आज तिथेच जाण्याची शक्यता पाचात एक ठेवायची, एवढा साधा नियम पाळला, तरी जवळपास 80 टक्के लोक जेवतात. उरलेल्या विसांची सोय कशी लावायची, यावर निबंध अजूनही लिहिले जात आहेत.