घरबसल्या सॉफ्टवेअरचा धंदा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



लहान लहान सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम, करून विकणे हा माझा व्यवसाय. हे बायकांचे काम नव्हे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी स्टेफनी शर्ली या बाईंची हकीकत सांगते.

१९६२ साली इंग्लंडात त्यांनी अवघ्या ६ पौंडांवर हा धंदा मांडला. त्या काळी प्रोग्रॅम यंत्राबरोबर फुकट मिळत. ते विकत कोण घेणार, म्हणून लोक हसले. बाईच्या सहीच्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या बायका त्यांनी जमवल्या. त्या घरी बसून कागदावर प्रोग्रॅम लिहीत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे कामही अशाच घरांतून झाले.

त्या तासांचा हिशेब मांडत नसत. कामाची किंमत आधी ठरवीत. मीही तेच करते. दुकानदाराच्या उधारीच्या वहीचा प्रोग्रॅम केला, तर पुढील दुरुस्तीचे पैसेही आधीच सांगते. "घरीच तर करता, मग एवढे कशाला?" असे विचारणारे भेटतातच. भगिनींनो, घरी केलेले काम फुकटचे नसते. काम शिकाल, तेव्हा त्याची किंमत सांगायलाही शिका.