सामने नसलेल्या महिन्यांत
(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



याच हैदराबाद शहरात, काचीगुड्याच्या एका शाळेत, एकेकाळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक मुलांना शिकवीत असत. उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर. पुढे १९५० पासून हैदराबाद शहर पोलीस आणि भारत या दोन्ही संघांचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने आशियाई सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. तरुण पालकांना हे नाव ‘मैदान’ या चित्रपटामुळे ठाऊक झाले असेल; जुन्या हैदराबादकरांना ते सांगावे लागत नाही.

आजच्या विषयाशी मात्र त्यांच्या चषकांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचा संबंध आहे. रहीमसाहेब मुलांसाठी चमत्कारिक नियमांच्या स्पर्धा भरवीत. एखाद्या स्पर्धेत खेळाडूने केवळ आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारायचा. दुसऱ्या एखादीत चेंडू पायाशी खेळवत पळवायला, म्हणजे ड्रिब्लिंगलाच, मनाई. उजव्या पायाचा पटाईत खेळाडू अशा स्पर्धेत एकाएकी नवशिका होई. चेंडू भलतीकडे जाई, बघ्यांना हसू येई. पण सगळ्यांचीच गत सारखी असल्यामुळे लाजण्याचे कारण उरत नसे. ही युक्ती शिक्षकाचीच आहे. चुकायला भीती वाटेल अशा ठिकाणी मूल नवे काही शिकत नाही, हे वर्गात फळ्यासमोर उभे राहिलेल्या माणसाला जितके ठाऊक असते तितके क्वचितच कोणाला असेल.

शालेय फुटबॉलचा हंगाम पावसाळ्याबरोबर सुरू होतो. दिल्लीत १९६० पासून भरणाऱ्या सुब्रोतो चषकाच्या स्थानिक फेऱ्या, मग जिल्हा, मग राज्य. हिवाळ्याच्या तोंडाशी तो ओसरतो. त्यानंतर परीक्षा आणि एप्रिल-मेची सुट्टी. या महिन्यांचे काय करावे, हा प्रश्न पालकसभेत हल्ली दरवर्षी निघतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते: उन्हाळी शिबिर, त्याला जोडून दोन-तीन खाजगी स्पर्धा, जमल्यास परगावचा दौरा. हेतू चांगला असतो, खर्चही पोटाला चिमटा काढून केलेला असतो. तरीही या उत्तराविषयी शंका घेणे भाग आहे.

सामन्यात मूल शिकते ते थोडे. आधी शिकलेले वापरते ते पुष्कळ. नव्वद मिनिटांच्या सामन्यात पट्टीच्या व्यावसायिक खेळाडूच्या पायाशीदेखील चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला त्याहून कितीसा येणार? आणि आलाच तर तो भरवशाच्या पायानेच मारला जातो, कारण कडेला प्रशिक्षक उभे असतात, आई-वडील उभे असतात, आणि गुणफलक असतो. अशा रीतीने वर्षाचे बाराही महिने सामने खेळणारा मुलगा आपल्या बलस्थानांतच घट्ट होत जातो. सोळाव्या वर्षी समोरचा बचावपटू त्याची उजवी बाजू अडवतो आणि खेळ संपतो. तेव्हा सर्वजण म्हणतात, मुलात दम नव्हता.

याउलट एक साधी भिंत घ्यावी. भिंतीपासून पाच-सहा पावलांवर उभे राहून चेंडू पायाच्या आतल्या बाजूने मारायचा, परतलेला चेंडू एका स्पर्शात थांबवायचा, पुन्हा मारायचा. दर चार सेकंदांस एक फटका धरला तरी पंधरा मिनिटांत सव्वादोनशे होतात. त्यांतले निम्मे कमजोर पायाने मारायचे. पहिले आठ-दहा दिवस फार निराशेचे जातात. लक्ष द्यायचे ते टेकवलेल्या पायाकडे: दोष पुष्कळदा मारणाऱ्या पायात नसतो, टेकवलेला पाय चेंडूपासून दूर पडलेला असतो, म्हणून तोल जातो. तो पाय चेंडूच्या शेजारी आला आणि मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट राहिला की फटका सरळ जाऊ लागतो. हे जमले की पुढची पायरी म्हणजे चेंडू भिंतीवरून परत येत असताना क्षणभर खांद्यावरून मागे पाहणे. मागे कोणीही नसते, तरीही पाहायचे. सामन्यात ज्याला ‘याच्याकडे वेळ फार असतो’ असे म्हणतात, त्याने बहुधा ही सवय आधीच लावून घेतलेली असते.

चेंडू वयाला साजेसा असावा. बाराव्या वर्षापर्यंत चार क्रमांकाचा, त्यानंतर पाचचा. थोरल्या भावाचा जुना चेंडू चालवून घेण्याची काटकसर इथे महाग पडते. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव लहान मुलांकडून करवून घेऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक वयोगटातील मुलांच्या सरावातून तो वगळला.

या महिन्यांचा दुसरा अर्धा भाग विश्रांतीचा आहे, आणि तो ऐकून घेणे पालकांना सर्वांत जड जाते. वाढीच्या वयात हाडे आधी लांबतात, स्नायू मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे मांडीच्या स्नायूचा कंडरा नडगीच्या हाडाला जुळतो, तिथे सततच्या धावण्या-मारण्याने ताण येऊन दुखू लागते, टेंगूळही दिसते. डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. भार कमी केला की हे दुखणे बहुधा आपोआप ओसरते. भार कमी होत नाही, तेव्हा मूल दुखणे लपवू लागते. शिबिराचे पैसे भरलेले आहेत, हे त्याला ठाऊक असते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा, की कोणत्याही एका खेळापासून मुलांना आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षभरात एकूण तीन महिने सुट्टी असावी, तीही एकेका महिन्याच्या टप्प्याने. त्या महिन्यात मुलाने पोहावे, खो-खो खेळावे, आजोळी जाऊन झाडावर चढावे. शरीर तेव्हाही शिकतच असते.

मुलींच्या बाबतीत हे सारे एक-दोन वर्षे आधी घडते, कारण त्यांची वाढ आधी सुरू होते. नेमक्या त्याच वयात घरातून ‘आता पुरे’ असा सूर निघतो. निझामाबादची सौम्या गुगुलोथ भारताच्या संघात पोहोचली, क्रोएशियातील दिनामो झाग्रेबकडूनही खेळली. निझामाबाद इथून काही फार लांब नाही. मुलींसाठी भिंतीची सोय तर विशेष आहे, कारण तिथे अकरा सवंगडी जमवावे लागत नाहीत आणि शाळेच्या आवारातून बाहेरही जावे लागत नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे फुटबॉल खेळले, त्यांच्याकडे एक मागणी आहे. वर्गणी व चषक यांची तजवीज झाली आहे. हवी आहे ती मे महिन्यातली एखादी सकाळ. रहीमसाहेबांच्या धर्तीवर पाच-पाच जणांच्या संघांची, केवळ कमजोर पायाची एक स्पर्धा शाळेच्या मैदानावर भरणार आहे. तीत माजी विद्यार्थ्यांनी मुलांसमोर उतरावे, आणि मुलांसारखेच चुकावे. पालकांनाही प्रवेश आहे, पण बाकावर बसण्यापुरता. कडेला उभे राहून सूचना देता येणार नाहीत.

प्रयोगशाळेमागची लांब भिंत नुकतीच चुन्याने रंगवून घेतली आहे. एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून, रविवार वगळता, ती सकाळी सहा ते साडेसात मोकळी राहील. साडेसातनंतर उन्हामुळे कोणालाही थांबू दिले जाणार नाही. चेंडू आणि पाण्याची बाटली घरून आणावी.