सावली आणि ऊन
(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



प्रदर्शनात सातवीच्या मुलांनी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण मांडली आहे. ती पाहताना मला जॉर्ज कॅरदर्स या अमेरिकी शास्त्रज्ञांचे स्मरण झाले. त्यांनीही वयाच्या दहाव्या वर्षी पुठ्ठ्याची नळी आणि टपालाने मागवलेली भिंगे यांपासून दुर्बीण बनवली होती. पुढे त्यांनीच सिद्ध केलेला अतिनील कॅमेरा एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी चंद्रभूमीवर उभा केला. चंद्रावरची ती पहिली वेधशाळा.

चंद्रावर वातावरण नसल्याने ताऱ्यांचे अतिनील किरण तेथे अडत नाहीत. परंतु वातावरण नाही म्हणजे डोक्यावर छत्रही नाही. ऐन मध्यान्ही तेथील जमीन शंभर अंश सेल्सियसच्या वर तापते. म्हणून उपकरणाला सोन्याचा मुलामा दिला होता आणि ते यानाच्या सावलीत ठेवले होते. सूर्य चढत गेला, सावली आखडत गेली, तसतसे तेही सरकवावे लागले.

मात्र सावलीनेही आपले मोल वसूल केले. तिथल्या थंडीने फिरत्या भागातील वंगण घट्ट झाले आणि कॅमेरा वळवणे अवघड होऊन बसले. तरीही अंतराळवीरांनी तो नेटाने एकेका लक्ष्याकडे वळवला आणि छायाचित्रांची फिल्म पृथ्वीवर आणली.

पालकहो, महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शहरात आपली शाळा साठ वर्षे मायबोलीची सावली धरून उभी आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपण विचारता, "बाई, मराठी माध्यमात मूल मागे तर पडणार नाही ना?" प्रामाणिकपणे सांगते, पूर्वी मी उत्तरादाखल केवळ सावलीचेच गुण गात असे. पुढे आमचीच काही हुशार मुले महाविद्यालयात चार वाक्ये बोलताना अडखळली, तेव्हा माझी चूक मला उमगली. सावली हवीच, पण तीत मूल आखडून जाता कामा नये.

माजी विद्यार्थ्यांनो, म्हणून आपल्याकडे देणगीखेरीज एक मागणे आहे. महिन्यातून एका शनिवारी शाळेत या. आपण ज्या भाषेत काम करता, त्या भाषेत मुलांशी बोला. त्यांच्या शंका मात्र मराठीत ऐका.